अशक्य त्रिकोण हातात धरायचा म्हणजे

अशक्य त्रिकोण कागदावर काढायला पाच मिनिटं पुरतात, तोच पुठ्ठ्यात उभा करायला घेतला की मात्र माणूस पार गुंतून जातो. हे चित्र पटकन डोळ्यासमोर येत नसेल तर सांगते, तीन चौकोनी दांडे, प्रत्येक कोपरा काटकोनात जोडलेला आणि तरी तिन्ही मिळून बंद त्रिकोण झालेला. तीन काटकोनांचा त्रिकोण म्हणजे शाळेतल्या भूमितीपेक्षा नव्वद अंश जास्तीचे. गंमत अशी की यातला कुठलाही एक कोपरा अंगठ्याने झाका, उरलेलं चित्र एकदम सरळ दिसतं, सुतार सहज बनवून देईल असं. अंगठा दुसऱ्या कोपऱ्यावर न्या, तरी तेच. म्हणजे बिघाड कुठल्याच एका कोपऱ्यात नाहीये, तो सगळ्या फेरीत पसरलेला आहे, आणि मॉडेल करायचं म्हणजे नेमकं हे पसरलेलं सगळं गोळा करून कुठेतरी एका जागी लपवायचं. माझा सगळा वेळ या लपवण्यात गेला, दांडे बनवण्यात फारसा नाही.

आधी थोडा इतिहास, कारण मला स्वतःला त्याचा उपयोग झाला. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी १९३४ मध्ये, शाळेत असतानाच, नऊ ठोकळे मांडून असा त्रिकोण काढला होता. नऊ सुटे घन, दांडे वगैरे नाहीत. पुढे १९८२ मध्ये स्वीडनने त्यांच्या अशक्य आकृत्या पोस्टाच्या तिकिटांवर छापल्या. ब्रिटनमध्ये लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी १९५८ मध्ये मानसशास्त्राच्या एका ब्रिटिश जर्नलमध्ये दांड्यांचा त्रिकोण आणि न संपणारा जिना असं दोन्ही छापलं, म्हणून जग त्याला पेनरोज त्रिकोण म्हणतं. रॉजर यांनी १९५४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला डच चित्रकार एश्चरची चित्रं बघितली होती, तिथून त्यांचं डोकं चालू झालं, मग यांचा लेख एश्चरकडे गेला आणि त्यातून १९६० चं जिन्याचं चित्र आणि १९६१ चं धबधब्याचं चित्र आलं. आयडिया इकडून तिकडे आणि परत इकडे. (रॉजर पेनरोज यांना २०२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते कृष्णविवरांसाठी, त्रिकोणासाठी नाही, पण मला विचाराल तर त्रिकोणासाठी एखादं लहानसं द्यायला हरकत नव्हती.)

याच पेनरोज यांनी १९९२ मध्ये अशक्य आकृत्यांच्या गणितावर एक लेख लिहिला, त्यातली मूळ कल्पना समजली आणि माझं काम सोपं झालं. चित्रातला प्रत्येक कोपरा घ्या, तो खरा असू शकतो. आता तो डोळ्यापासून किती लांब आहे ते धरून पुढच्या कोपऱ्याकडे जा, मग त्याच्या पुढच्या. पूर्ण फेरी मारून पहिल्या कोपऱ्याशी आलात की अंतर वेगळं निघतं. बेरजेत प्रत्येक ओळ बरोबर आणि शेवटी हातचा उरलेलाच, तसं काहीसं. हा हातचा पुठ्ठ्यात किती सेंटीमीटरचा होतो ते काढता येतं का, तर येतं, आणि अगदी सोपं आहे.

ठोकळ्यांनी विचार करा. चार सेंटीमीटरचे घन. पहिला ठेवला, तिथून उजवीकडे पाच लावले, शेवटच्यापासून आपल्याकडे पाच, तिथून वर पाच. एकूण सोळा. आता ही काही बंद आकृती नाहीये, ही नुसती दोन वळणांची साखळी आहे, सुरुवात मागे खाली आणि शेवट पुढे वर हवेत. पहिल्या घनापासून शेवटचा घन उजवीकडे २० सेंमी, पुढे २० सेंमी आणि वर २० सेंमी, म्हणजे सरळ अंतर २० गुणिले तीनचं वर्गमूळ, साधारण ३४.६ सेंमी. ही दोन टोकं एका रेषेत येतील अशा जागी डोळा नेला की पुढचा घन मागच्याला बरोबर झाकतो, सोळाचे पंधरा दिसतात, आणि समोर बंद त्रिकोण. रॉयटर्सवार्डच्या नऊ ठोकळ्यांनाही हाच नियम, प्रत्यक्षात मांडायचे तर दहा लागतील. पहिल्यांदा हे मांडून बघितलं तेव्हा तो ३५ सेंमीचा खड्डा बघून मला विश्वास बसेना, दांडा स्वतः बाहेरून २४ सेंमीचा आणि मधली फट त्याच्या दीडपट! फट म्हणजे आपल्या डोक्यात काहीतरी बारीक असतं, इथे आख्खा हात आरपार जातो.

मॉडेल करायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक ही फटवाली. दुसरीत टोकं खरोखर जोडतात पण दांडे वाकवून, पिळून, असे की एका जागेवरून ते सरळ भासतात. वाकवलेलं मॉडेल दिसायला फार सुंदर असतं, पण पुठ्ठ्यात तो पीळ आणणं माझ्या हातातलं काम नाही, आणि खरं सांगायचं तर मला फटवालं जास्त प्रामाणिक वाटतं. ऑस्ट्रेलियात ईस्ट पर्थला रस्त्याच्या चौकातल्या गोलावर १३.५ मीटर उंच त्रिकोण उभा आहे, १९९९ चा, ब्रायन मॅके आणि अहमद अबास यांचा. तो फटवालाच. ठराविक जागी उभं राहिलं तरच त्रिकोण, बाकी सगळीकडून तीन वेडेवाकडे खांब. रोज तिथून जाणाऱ्या बहुतेकांना तो मोडकाच दिसत असणार हे मला फार आवडतं.

आता खरं काम. सोळा घन जोडून डोळा योग्य जागी नेला तरी त्रिकोण होत नाही. पुढचा घन मागच्याला झाकतो हे ठीक, पण तो मागच्या दांड्याच्या दुसऱ्या ठोकळ्याचाही काही भाग झाकतो, आणि मग दिसतं काय तर एक दांडा दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन थांबलाय. जोड दिसत नाही, नुसतं झाकण दिसतं. त्यासाठी पुढच्या टोकाला काप घ्यावा लागतो. मी कागदावर आयसोमेट्रिक ग्रिड, म्हणजे सारख्या त्रिकोणांची जाळी, घेऊन षटकोन काढत बसले (असा तिरका बघितलेला घन म्हणजे षटकोन, आणि त्याचे सहा सारखे त्रिकोण) आणि जे निघालं ते इतकं सुरेख होतं की दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून खात्री केली. शेवटच्या घनातून बरोबर एक-तृतीयांश भाग काढायचा. कुठला, तर उजवी बाजू हा ज्याचा चौकोनी तळ आहे आणि मागचा खालचा डावा कोपरा हे ज्याचं टोक आहे असा पिरॅमिड. असे तीन सारखे पिरॅमिड एकत्र ठेवले की पूर्ण घन होतो, हे ज्यांनी कधी पुठ्ठ्यात केलं असेल त्यांना आठवेल. आणि त्याच्या खालच्या घनातूनही एक-तृतीयांशच, फक्त वेगळ्या बाजूचा, त्याचा तळ मागच्या बाजूला आणि टोक पुढच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिसऱ्या घनाला हात लावायचा नाही.

दोन्ही कापांची एकेक बाजू मिळून एक सलग तिरकी पातळी होते, दोन्ही घन एकमेकांना अर्ध्या चौरसावर म्हणजे त्रिकोणी जागेवर चिकटलेले राहतात, तेवढंच काय ते नाजूक. आणि यातली सगळ्यात छान गोष्ट, कापलेला पृष्ठभाग बघायच्या जागेवरून दिसतच नाही. तो नजरेच्या रेषेतच असतो ना, त्यामुळे कड म्हणून एक रेघ दिसते, आणि ती रेघ म्हणजेच चित्रातली ती कोपऱ्याची रेघ. काप किती खडबडीत झालाय याची कोणाला पर्वा नाही, फक्त त्याची पुढची धार कटरने एका दमात सरळ मारायची.

पुठ्ठ्याचं म्हणाल तर दोन मिमीचा कडक पुठ्ठा, स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, पांढरा गोंद. घन पोकळ. पण साखळीच्या आत लाकडी दांडी घालावीच लागते, कारण दिसायला हा बंद त्रिकोण असला तरी प्रत्यक्षात तो एका जागी धरलेला, दोन्हीकडे लटकणारा हात आहे. कोपऱ्यात गोंद ओला असतानाच टोक दोन-तीन मिमी झुकतं आणि मग ते कुठल्याही जागेवरून जुळत नाही. प्रत्येक कोपरा गुण्यात धरून रात्रभर वाळवायचा, घाई नाही.

इथपर्यंत मॉडेल. इथून पुढे जे आहे ते मॉडेलच्या बाहेरचं आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं.

बघायची जागा कुठे? दोन्ही टोकांच्या मध्यातून जाणारी रेषा पुढे वाढवा, त्या रेषेवर. मॉडेल टेबलावर सरळ ठेवलं तर ही रेषा ४५ अंश बाजूने आणि जमिनीपासून ३५.२६ अंश वर जाते. ऐकायला ठीक वाटतं, पण पाच मीटरवरून बघायचं म्हटलं तर डोळा मॉडेलच्या जवळजवळ २.९ मीटर वर पाहिजे, म्हणजे शिडी किंवा माळा. मग सरळ उलटं करायचं, आपण वर न जाता मॉडेल कलवायचं, ती रेषा आडवी होईपर्यंत. असं केलं की त्रिकोण आपल्यासमोर चित्रासारखा उभा राहतो. मधल्या दांड्याच्या मध्याजवळच साधारण तोल येतो, तिथे मागून एक पातळ लोखंडी सळई घालायची, ती दांड्याच्या मागे लपते. अजून एक फायदा असा की आता एकही बाजू टेबलाला समांतर नाही, टेबलाशी तुलना करून डोळ्याला काही कळायची सोय उरत नाही, आणि सावलीही खाली पडत नाही. सावली ही सगळ्यात मोठी चुगलखोर. टेबलावर ठेवलेल्या फटवाल्या त्रिकोणाची सावली बघा, खरा आकार तिथे आरामात पसरलेला असतो.

पाच मीटर कशाला, दोन मीटरवरून का नाही? कारण मागचं टोक ३४.६ सेंमी लांब आहे आणि लांबचं लहान दिसतं. दोन मीटरवरून बघाल तर मागचा चार सेंमीचा ठोकळा पुढच्याच्या तुलनेत ३.४ सेंमीचा दिसतो, जोडावर सहा मिमीची पायरी, लगेच खटकते. पाच मीटरवर तोच ३.७४ दिसतो, फरक अडीच मिमीच्या आसपास, तेवढा डोळा माफ करतो किंवा पुढच्या टोकाला किंचित घासून घेता येतो. फोटोवाले लोक हे नेहमी सांगतात आणि बाकीचे नेहमी विसरतात की झूममुळे पर्स्पेक्टिव्ह बदलत नाही, अंतरामुळे बदलतं. म्हणून लांब जायचं आणि मग झूम करायचं, जवळ जाऊन वाइड लेन्सने काढायचं नाही. फोनमध्ये पोर्ट्रेट मोड बंद, तो मागचं टोक धूसर करतो आणि सगळं मुसळ केरात. मोठ्या कॅमेऱ्यात अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान, एफ १६ वगैरे, दोन्ही टोकं सारखी शार्प आली पाहिजेत. एक शार्प आणि एक मऊ दिसलं की मेंदूला अंतर कळलंच. ट्रायपॉड लागतोच. मॉडेल नुसतं एक अंश फिरलं तरी टोकं सहा मिमी सरकतात, चार सेंमीच्या दांड्यात सहा मिमी!

प्रकाश. एकाच दिव्याने जवळची बाजू जास्त उजळते आणि मागचं टोक मळकट दिसतं, रंग एकच असून. मी शेवटी प्रकाशावर अवलंबून राहणं सोडलं, सगळीकडून मऊ पसरलेला उजेड घेतला आणि तिन्ही दिशांच्या बाजूंना तीन वेगळ्या छटा सरळ रंगवल्या, फिकट, मध्यम, गडद राखाडी, मॅट. चकचकीत रंग अजिबात नको. उजवीकडच्या सगळ्या बाजू एका छटेत, वरच्या दुसऱ्या, समोरच्या तिसऱ्या. आता जोडावर मागचा आणि पुढचा रंग एकच झाला की डोळा स्वतःहून शिवण घालतो. याला काही जण चीटिंग म्हणतात. म्हणोत बापडे, आख्खी वस्तूच चीटिंग आहे.

फोटोत जमलं की लोक म्हणतात, हे तर कॉम्प्युटरवर केलंय. त्यामुळे मला फोटोपेक्षा प्रत्यक्ष दाखवायला जास्त आवडतं, आणि प्रत्यक्षात दोन डोळे हा मुख्य अडथळा. दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंमी अंतर, त्यामुळे दोन मीटरवर दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या जोडात जवळपास एक सेंमीचा फरक पडतो, पाच मीटरवरही चार मिमी. एक डोळा मिटा म्हटलं की मिटतात, पण मान हलतेच, आणि मान हलली की फट उघडली. उपाय म्हणजे छिद्र. एका जाड काळ्या बोर्डाला बारीक भोक, स्टँडवर पक्कं, एक डोळा त्याला लावायचा. अ‍ॅडेलबर्ट एम्स यांच्या त्या प्रसिद्ध खोलीतही असंच, माणूस एका कोपऱ्यात बुटका आणि दुसऱ्यात राक्षस दिसतो ती खोली, तिथेही भोकातूनच बघतात, कारण तीच अडचण. भोकाची उंची मात्र बघणाऱ्याप्रमाणे बदलता येत नाही, रेषा एकच आहे, त्यामुळे उंच माणसाने वाकायचं आणि लहान पोराने स्टुलावर चढायचं.

आणि इथे जे बघायला मिळतं त्यासाठी हे सगळं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी असाच त्रिकोण प्रत्यक्ष बनवून दाखवला होता, त्यांचं म्हणणं असं की बघणं म्हणजे मेंदूने मांडलेला अंदाज असतो, आणि टोकं एकमेकांना टेकलेली दिसली की मेंदू धरून चालतो की ती खरोखर टेकलेली आहेत. योगायोगाने एका रेषेत आली असतील हा पर्याय तो विचारातच घेत नाही. मला वाटायचं हे फक्त माहीत नसणाऱ्यांना लागू असेल. नाही. मी स्वतः ती फट मोजलेली, कापलेली, रंगवलेली, तिच्यातून हात घातलेला, आणि भोकाला डोळा लावला की बंद त्रिकोण. मनातल्या मनात कितीही बजावा, फट दिसत नाही. एकाने तर बघता बघता दुसऱ्या हाताने काठी घेऊन जोडाला टेकवायचा प्रयत्न केला, काठी मधल्या हवेतून आरपार गेली आणि त्याला वाटलं काठी दांड्याच्या आत शिरली. त्रिकोण तरी मोडला नाहीच! माहिती असण्याचा नजरेवर इतका कमी परिणाम होतो हे वाचून माहीत असणं वेगळं आणि स्वतः बनवलेल्या वस्तूने आपल्यालाच फसवणं वेगळं.

जादूगार युक्ती लपवतात, मी उलट करते. आधी भोकातून, मग हात धरून बाजूला आणायचं आणि दाखवायचं, मग परत भोकातून. तिसऱ्या टप्प्याला लोक जास्त वेळ थांबतात. फिरत्या पाटावर ठेवून व्हिडिओही केला, मॉडेल हळू फिरतं, तीन वाकडे दांडे फिरतायत फिरतायत आणि एका क्षणी ते एकदम मिटतात आणि त्रिकोण होतो, पुढच्या क्षणी सुटतात. तो मिटण्याचा क्षण हळूहळू येत नाही, टक्कन येतो. व्हिडिओ स्लो केला तरी टक्कनच.

त्रिकोणानंतर जिना घेतला. न संपणारा जिना, चारी बाजूंनी उतरत जायचं आणि परत पहिल्याच पायरीवर. इथे हिशोब वेगळा पण जात तीच. बारा पायऱ्या, प्रत्येकी अर्धा सेंमी उतार, म्हणजे पूर्ण फेरीत सहा सेंमी खाली आलो. वरून ३५ अंशांनी बघतोय, त्यामुळे खालचं टोक वरच्या टोकाच्या मागे साधारण साडेआठ सेंमी सरकलेलं असलं की दोन्ही एका नजरेत येतात. म्हणजे मागे जाणारी बाजू लांब आणि पुढे येणारी आखूड, पायऱ्यांची रुंदी बाजूगणिक वेगळी. वरून बघाल तर हा चौकोन मिटलेलाच नाहीये. त्रिकोणापेक्षा हा सोपा गेला, कारण वरचं टोक पुढे असल्याने ते आपोआप जोड झाकतं आणि फटही लहान. पण परिणाम मला कमी वाटला. जिना बघताना लोक पायऱ्या मोजायला लागतात, एकेक पायरीवर नजर फिरवतात, मग हळूहळू कळतं काहीतरी बिनसलंय. त्रिकोण सेकंदात लागतो.

तीन दांड्यांचा काटा, ज्याला सैतानी काटा वगैरे म्हणतात, एका बाजूला तीन गोल टोकं आणि दुसरीकडे दोनच चौकोनी दांडे, तो करायच्या भानगडीत मी पडले नाही. त्याची अडचण अंतराची नाहीच. ते चित्र घ्या आणि नुसता रंग भरायचा प्रयत्न करा. एका टोकाला जी रेघ दांड्याची कड आहे तीच दुसऱ्या टोकाला दोन दांड्यांमधल्या रिकाम्या जागेची आहे, रंग कुठे थांबवायचा तेच कळत नाही. त्रिकोणात निदान प्रत्येक ठिकाणी वस्तू कुठली आणि हवा कुठली ते पक्कं असतं. जिथे वस्तू आणि हवा यांचाच घोळ आहे तिथे कटर कुठे लावणार?

एक तिसरा रस्ताही आहे, जो मला खूप उशिरा कळला आणि ज्याने माझा थोडा गर्व उतरवला. जपानचे गणितज्ञ कोकिची सुगिहारा कॉम्प्युटरला रेषाचित्रावरून घन आकार ओळखायला शिकवत होते. अशक्य म्हणून ठेवलेली काही चित्रं प्रोग्रामने शक्य ठरवली, आणि प्रोग्राम बरोबर होता. फट नाही, वाक नाही, सरळ सपाट बाजू, फक्त कोन काटकोन नाहीत. आपण चित्र बघताना काटकोन गृहीत धरतो, तिथेच सगळी मेख. २०१० मध्ये त्यांच्या मॉडेलला वर्षातला सर्वोत्तम दृष्टिभ्रम म्हणून पहिलं बक्षीस मिळालं, चार उतार मधल्या खांबाकडे चढत जातात आणि लाकडी गोळ्या आपोआप वर चढत मध्ये येतात. म्हणजे तसं दिसतं. प्रत्यक्षात मधला खांब सगळ्यात बुटका आहे आणि गोळ्या इमानेइतबारे खाली घरंगळतायत. माझ्या त्रिकोणात वस्तू स्थिर आहे, यात हलणारी गोष्ट समोर पुरावा देतेय आणि तरी डोळा हट्ट सोडत नाही. असे उतार मी पुठ्ठ्यात करून बघितले. खांब एक मिमी इकडेतिकडे झाला की उतार आडवा दिसायला लागतो आणि मजा जाते. चारपैकी दोन उतार मनासारखे जमलेत, गोळी त्यांच्यावर सुरेख चढते. उरलेल्या दोन उतारांचे खांब मी मुद्दाम दोन मिमी जास्त उंच ठेवलेत, भोकातून बघत बघत घासून कमी करते.

सध्या टेबलावर अशक्य पेटारा आहे, घनाची नुसती चौकट, ज्यात मागची पट्टी पुढच्या पट्टीच्याही पुढे येते. अमेरिकेतले जादूगार जेरी अँड्रस यांचा असा पेटारा प्रसिद्ध आहे, त्यात ते स्वतः उभे राहून फोटो द्यायचे. त्रिकोणानंतर हा फार सोपा, मोठ्या अंतरांचा प्रश्न नाही, पुढच्या पट्टीला नजरेच्या रेषेत एक खाच द्यायची, मागची पट्टी जिथून दिसायला हवी तेवढीच, म्हणजे पट्टीच्या रुंदीएवढी. आत माणूस उभा करायचा नसेल तर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या पुरतात. एकच गोष्ट त्रास देतेय, पट्टीच्या लाकडी तंतूंची दिशा खाचेतून ओळखू येते, पुढची पट्टी उभी आणि मागची आडवी, त्यामुळे मॅट रंगाचे तीन हात दिले तरी तिरक्या उजेडात शिवण कळते. फिलर लावून घासून बघणार आहे, नाहीतर पुन्हा पुठ्ठा, त्याचे तंतू निदान असे दिसत नाहीत.